‘हाफ ह्यूमन’ तासाभराचाच का निघाला, आणि बाकीचे तोकुसात्सु कुठे शोधायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९५४चा ‘गोजिरा’, म्हणजे पहिला गॉडझिला, मूळ जपानीत पाहिलात आणि भारावून गेलात. मग त्याच दिग्दर्शकाचा ‘हाफ ह्यूमन’ मागवलात, तर तो जेमतेम तासाभराचा निघाला आणि त्यात एक अमेरिकन प्राध्यापक बसून सगळी गोष्ट नुसती सांगत राहतो. डिस्कच सदोष आहे का? आणि गॉडझिला सोडून त्या काळातले, फारसे कुणाला ठाऊक नसलेले जपानी स्पेशल इफेक्ट्सचे चित्रपट, म्हणजेच तोकुसात्सु, धड रूपात मिळवायचे कसे?

डिस्क सदोष नाही. तुम्ही पाहिलात तो १९५८चा अमेरिकन अवतार, ६३ मिनिटांचा. होंडा इशिरो यांचा मूळ ‘जूजिन युकिओतोको’, ही हिममानवाची गोष्ट, १९५५चा आहे आणि तो दीड तासाच्या वर जातो. अमेरिकेतल्या वितरकांनी त्याची जवळजवळ तिसरा हिस्सा कापणी केली, जपानी संवाद बाजूला ठेवले आणि जॉन कॅराडाइन या अमेरिकन नटाला घेऊन नवी दृश्यं चिकटवली. त्यातलं हिममानवाच्या पिल्लाच्या शवविच्छेदनाचं दृश्यही अमेरिकेतच चित्रित झालं. त्यासाठी पिल्लाचा पोशाख तोहो स्टुडिओने जपानहून पाठवला होता.

मूळ चित्रपट आजही अधिकृतपणे विकत मिळत नाही. डोंगरातल्या एका वेगळ्या पडलेल्या वस्तीचं चित्रण त्यात ज्या तऱ्हेने आहे, ते जपानमधल्या पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत ठरवलेल्या समाजाकडे बोट दाखवणारं वाटतं, म्हणून तोहोने तो व्हिडिओवर काढला नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. अशा चित्रपटांना तिकडचे रसिक ‘फूइन साकुहिन’ म्हणतात, म्हणजे मोहोरबंद केलेल्या कलाकृती. १९७४चा ‘नोस्त्रादामुसु नो दाइयोगेन’ याच रांगेतला. किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली माणसं त्यात दाखवल्याबद्दल आक्षेप आले, दृश्यं कापली गेली आणि जपानमध्ये तो घरी पाहण्यासाठी कधीच निघाला नाही. हे दोन चित्रपट रसिकांच्या हातोहात फिरणाऱ्या अंधूक प्रतींवरच जगताहेत. हे मी मनापासून वाईट वाटून लिहितोय. समाजाला लागणारं चित्रण जपून हाताळायला हवं, यात वाद नाही. पण सोबत प्रस्तावना देऊन, संदर्भ देऊन ते दाखवता येतं. कपाटात बंद केलं की त्यावर बोलणंही बंद होतं.

म्हणून शोधाला लागण्याआधी एक विचारा: हा चित्रपट नष्ट झालाय, बंद करून ठेवलाय की नुसता वेगळ्या नावाखाली पडून आहे? नष्ट झालेल्यांसाठी धावपळ करून उपयोग नाही. १९३३चा जपानी ‘किंग काँग’ आणि १९३८चा एदो शहरात अवतरणारा किंग काँग, दोन्ही कायमचे गेले. बंद करून ठेवलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेले बहुतेक तिसऱ्या प्रकारात मोडतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

नावांचा घोळ समजून घ्या. एकाच चित्रपटाचं जपानी नाव, तोहोने परदेशासाठी ठरवलेलं नाव, अमेरिकन वितरकाचं नाव आणि युरोपातली नावं, अशी चार-पाच नावं असतात. होंडांचा १९५८चा ‘बिजो तो एकिताइनिन्गेन’, म्हणजे ‘सुंदरी आणि द्रवमानव’, बाहेर ‘द एच-मॅन’ झाला. १९६३चा ‘मातांगो’ अमेरिकन टीव्हीवर ‘अटॅक ऑफ द मश्रूम पीपल’ म्हणून फिरला. जर्मनीत तर गॉडझिलाच्या चित्रपटांच्या नावातही फ्रँकेनस्टाइन घुसवला. माणसांच्या नावांचंही तेच. जुन्या अमेरिकन प्रतींवर होंडांचं नाव ‘इनोशिरो’ छापलेलं दिसेल, कारण त्यांच्या नावातली चित्राक्षरं तशीही वाचता येतात. दोघं एकच.

म्हणून माझी रीत अशी. विकिपीडियाच्या जपानी पानावरून मूळ नाव जसंच्या तसं उचलायचं, त्याला प्रदर्शनाचं वर्ष जोडायचं आणि त्यावरच शोध घ्यायचा. ‘तोकुसात्सु’ हा शब्द ‘तोकुशु सात्सुएइ’, म्हणजे विशेष चित्रीकरण, याचं लघुरूप आहे. तो दोन चित्राक्षरांत लिहितात. ती दोन अक्षरं नजरेत बसवून घेतलीत तर जपानी दुकानांच्या संकेतस्थळांवर अर्धी वाट मोकळी होते. पुण्यात तर जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही, ओळखीतल्या कुणाकडून दहा मिनिटांत शिकून घ्या.

नावानंतर मिनिटं. याबाबतीत मी एकदा चांगलाच पोळलोय. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘वारान, मूळ जपानी आवृत्ती’ असं ठासून लिहिलं होतं. पैसे भरले, तीन आठवडे वाट पाहिली. डिस्क लावली तर पहिल्याच मिनिटाला एक अमेरिकन लष्करी अधिकारी. मूळ ‘दाइकाइजू बारान’ १९५८चा आणि ८७ मिनिटांचा आहे. १९६२ची अमेरिकन आवृत्ती ७० मिनिटांची, आणि तिची कथा बव्हंशी नवीच रचलेली. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. तेव्हापासून मी नाव, वर्ष आणि मिनिटं या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पैसे सोडत नाही.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात. त्यांत सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी पळतात, त्यामुळे चित्रपट सुमारे चार टक्के आखूड दिसतो. नव्वद मिनिटांचा चित्रपट साडेशहाऐंशीचा दिसला तर काही कापलंय असं समजू नका.

विभागाचं कुलूपही आहेच, म्हणजे एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. डीव्हीडीत भारत पाचवा विभाग, जपान दुसरा, अमेरिका पहिला. ब्लू-रेमध्ये जपान आणि अमेरिका दोन्ही ‘ए’, ब्रिटन ‘बी’, आपण ‘सी’. म्हणून आधी सर्व विभाग चालवणारा प्लेअर घ्या, डिस्क नंतर. शिवाय जपानमध्ये निघालेल्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल्स सहसा नसतात. कर्णबधिरांसाठीची जपानी अक्षरं मात्र पुष्कळदा असतात आणि भाषा शिकणाऱ्याला ती फार उपयोगी पडतात.

आता कुठे काय आहे ते. गॉडझिलामुळे सगळ्यांची नजर तोहोवर खिळते आणि बाकीचे स्टुडिओ मागे राहतात. माझ्या मते नवख्याने दाइएइ स्टुडिओपासून सुरुवात करावी. एक तर त्यांचे चित्रपट ब्रिटनच्या अ‍ॅरो कंपनीने गेल्या काही वर्षांत नीट साफसूफ करून, सबटायटल्ससह काढलेत. दुसरं म्हणजे त्यांत वेगळीच चव आहे.

१९४९चा ‘तोमेइनिन्गेन आरावारु’ घ्या. अदृश्य माणसाची गोष्ट, आणि त्यातल्या करामती त्सुबुराया एइजी यांच्या, ज्यांनी पुढे गोजिराचे स्पेशल इफेक्ट्स केले. गोजिराच्या पाच वर्षं आधी ते दाइएइकडे काय करत होते? युद्धकाळात त्यांनी प्रचारपटांची दृश्यं घडवली होती, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची लघुप्रतिकृती त्यांतलीच. युद्धानंतर अमेरिकन प्रशासनाच्या कारवाईत त्यांना तोहो सोडावं लागलं आणि ते बाहेरची कामं घेऊ लागले. मग हा चित्रपट पाहताना प्रत्येक करामतीत आडकाठी आलेल्या कारागिराची जिद्द दिसू लागते. अ‍ॅरोच्या २०२१च्या डिस्कवर याच्या जोडीला १९५७चा अदृश्य माणूस विरुद्ध माशीएवढा होणारा खुनी, असाही एक चित्रपट आहे.

१९५६चा ‘उचूजिन तोक्यो नि आरावारु’, इंग्रजीत ‘वॉर्निंग फ्रॉम स्पेस’, हा जपानचा पहिला रंगीत विज्ञानपट. त्यातले परग्रहवासी म्हणजे माणसाएवढ्या चांदण्या, आणि मधोमध एकच डोळा. त्या रेखाटल्या ओकामोतो तारो यांनी, ज्यांचा सूर्यमनोरा पुढे १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाची ओळख झाला. काहींना त्या चांदण्या बालिश वाटतात. मला त्यांत एका मोठ्या चित्रकाराचा हात स्वच्छ दिसतो.

आणि मग ‘दाइमाजिन’. १९६६ या एकाच वर्षात आलेले तीन चित्रपट. तुम्हाला यातलं एकच काही बघायला वेळ असेल तर पहिला भाग बघा. डोंगरकड्यावर दगडी देव उभा आहे. खाली सरंजामदाराचा जुलूम, गावकऱ्यांच्या प्रार्थना, आणि तासभर तो देव ढिम्म हलत नाही. शेवटी त्याच्या कपाळात छिन्नी ठोकतात आणि दगडातून रक्त ओघळतं. मग तो उठतो, हात चेहऱ्यावरून फिरवतो आणि हाताखालून शांत मातीचा मुखवटा जाऊन रागाने निळसर पडलेलं तोंड बाहेर येतं. त्या तोंडातले डोळे खरे आहेत. पोशाखातले हाशिमोतो चिकारा पूर्वी व्यावसायिक बेसबॉलपटू होते आणि धूळ उडत असताना पापणी न हलवता ते रोखून बघत राहिले. लाल झालेले ते डोळे पडद्यावर तसेच दिसतात.

आता प्रमाण बघा. हा देव साडेचार मीटरच उंच, म्हणून प्रतिकृती पंचविसाव्या हिश्शाच्या न करता जवळजवळ अडीचाव्या हिश्शाच्या केल्या. त्यामुळे भिंत कोसळते तेव्हा वासे, माती, कौलं खऱ्या वजनाने पडतात. ग्रामदेवतेचा कोप म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून मी हा पहिला सुचवतो. तिन्हींना संगीत इफुकुबे अकिरा यांचं, गोजिराचेच संगीतकार.

शोचिकु स्टुडिओचे चार चित्रपट क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीच्या एक्लिप्स मालिकेत २०१२ साली एका संचात आले, फक्त डीव्हीडीवर. त्यातला १९६८चा ‘गोके’ चुकवू नका. सुरुवातीलाच रक्ताच्या रंगाच्या आकाशातून विमान जातं, तेच आकाश टॅरँटिनोने पुढे ‘किल बिल’मध्ये मानवंदना म्हणून उचललं. तोएइ आणि निक्कात्सुचे चित्रपट मला तितके भावत नाहीत, तेव्हा त्यावर दुसऱ्या कुणी लिहावं.

तोहोकडे परत येतो, कारण तिथे राक्षस नसलेले किंवा राक्षस दुय्यम असलेले चित्रपट खरे झाकले गेलेत. १९६०चा ‘गासु निन्गेन’, म्हणजे वायुमानव, ही मुळात प्रेमकथा आहे. एका नर्तिकेचा कार्यक्रम व्हावा म्हणून वायुरूप होऊन बँका लुटणारा माणूस. ते काम त्सुचिया योशिओ यांचं, कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’मधला शेतकरी रिकिची. १९६२चा ‘योसेइ गोरासु’ पृथ्वीवर आदळायला निघालेल्या ताऱ्याची गोष्ट सांगतो. उपाय काय, तर दक्षिण ध्रुवावर प्रचंड इंजिनं बसवून पृथ्वीच बाजूला सरकवायची. त्यातला वॉलरससारखा राक्षस अमेरिकन आवृत्तीत कापलाय आणि खरं सांगायचं तर तो नसता तरी चाललं असतं.

‘मातांगो’बद्दल मात्र दोन शब्द जास्त. वादळात सापडलेली सात जणं एका बेटाला लागतात. तिथे एक मोडकं जहाज, आतून बाहेरून बुरशीने माखलेलं. ते घासूनपुसून राहण्याजोगं करताना त्यांच्या ध्यानात येतं की एवढ्या मोठ्या जहाजावर आरसा म्हणून नाही. कुणीतरी सगळे काढून टाकलेत. कुणीच त्यावर फार बोलत नाही आणि चित्रपट पुढे सरकतो, पण तुमच्या पोटात गोळा आलेला असतो. नटांनी खाल्लेल्या अळंब्या तांदळाच्या पिठाच्या मिठाईच्या होत्या. हे कळल्यावर मला आपली मोदकाची उकड आठवली, आणि पुढच्या वेळी ते दृश्य पाहताना जास्तच शहारा आला.

‘मातांगो’, ‘वारान’, ‘दोगोरा’, ‘कायतेइ गुन्कान’ म्हणजे बाहेरचा ‘अ‍ॅट्रागॉन’, यांच्या मूळ आवृत्त्या इंग्रजी सबटायटल्ससह २००५च्या आसपास अमेरिकेत टोकियो शॉक या नावाखाली निघाल्या होत्या. आता त्या छपाईबाहेर आहेत आणि जुन्या बाजारात भाव चढलेत. घाई करू नका. मी ‘मातांगो’ची प्रत वर्षभर पाळत ठेवून घेतली.

कुणी नातेवाईक टोकियोत असेल, आणि निशि-कासाईत आपली मंडळी भरपूर आहेत, तर त्यांना दोन ठिकाणं सांगा: जुन्या पुस्तकांची गल्ली जिनबोचो आणि नाकानो ब्रॉडवे ही इमारत. डिस्क तर मिळतातच, पण चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या जुन्या पुस्तिकाही मिळतात. त्यांत कलाकार-तंत्रज्ञांची नावं अचूक असतात, त्यामुळे कुठल्या अपुऱ्या प्रतीत काय गायब आहे हे ताडता येतं. कधी स्वतः गेलात तर फुकुशिमातलं सुकागावा गाठा. ते त्सुबुरायांचं जन्मगाव. २०२०पासून तिथे तोकुसात्सुचं संग्रहालय आहे, आणि जपून ठेवलेल्या लघुप्रतिकृती जवळून बघता येतात.

तुमच्याकडे आत्ता कोणता प्लेअर आहे आणि तो कोणत्या विभागांच्या डिस्क घेतो, तेवढं इथे लिहा. त्यावर ‘दाइमाजिन’ची कोणती आवृत्ती मागवायची ते नक्की सांगतो.