सकाळी लवकर उठायची सवय असलेल्या नर्सला नाइट ड्यूटी जास्त बाधते का?

हो, बहुतेकदा जास्त बाधते. रात्रभर जागून घरी गेल्यावरही अशा व्यक्तीला पुरेशी झोप लागत नाही, कारण मेंदूतलं घड्याळ नेमकं तेव्हाच शरीराला जागं करत असतं. रात्री उशिरा तरतरी येणाऱ्यांना ती झोप तुलनेने बरी मिळते (त्यांचे हाल सकाळच्या ड्यूटीत होतात, आणि ड्यूटी लावताना हे फार कमी वेळा पाहिलं जातं). सगळ्यात जपायची वेळ पहाटे ३ ते ५. शरीराचं तापमान तळाला गेलेलं असतं, डोळे उघडे असतात पण लक्ष नसतं. इन्फ्युजन पंपावर (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारं यंत्र) ५.० ऐवजी ५० टाकलं जाण्याची भीती तेव्हाच जास्त, म्हणून डोस सहकाऱ्याला दाखवून घ्याच. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या मागून घ्या. उलट क्रम शरीराला जड जातो.

मात्र रात्री उशिरा तरतरी येणाऱ्यांनाही पूर्ण अभय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, एखाद्याचा धोका किती वाढतो ते नाही.