६५ हजारांचा स्पायडरमॅन आणि जूनमधलं खातं

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा २० जूनला पाच वर्षांचा होतो आणि त्याला स्पायडरमॅनचा वाढदिवस हवाय. कणकवलीच्या डेकोरेटरने ६५,००० चं कोटेशन दिलं, त्यातले पाच हजार टोकन देऊन झालेत. यजमानांची आंब्याच्या कलमांची बाग आहे, ताई मेडिकलच्या दुकानात ९,००० पगारावर आहेत. वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली, मजुरी, खोके, गाडीभाडं सगळं चुकतं केलं आणि खात्यात २,१५,००० उरले. शिवाय एक लाखाची एफडी आहे, मुदत संपायला सात महिने. राहिलेले साठ हजार खात्यातून द्यावेत, एफडी मोडावी, की डेकोरेटर म्हणतो तसे कार्डावर बारा हप्ते करून घ्यावेत? सासूबाईंचं मत पत्रात शेवटी आलंय: "तेका काय कळता? घरात गोड करा नि चार माणसां बोलवा."

ताई, आधी हप्त्यांचा विषय संपवू. साठ हजारांवर १५ टक्क्यांनी बारा महिन्यांचा हप्ता ५,४१५ च्या आसपास बसतो. व्याज जवळपास पाच हजार, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी नऊशे, प्रोसेसिंग फी वेगळी. पण रकमेपेक्षा मला महिने खटकतात. हप्ते जुलैपासून सुरू होणार आणि बागेचा पहिला पैसा साधारण मार्चमध्ये दिसणार. मधले आठ महिने तुमच्या नऊ हजारांतले साडेपाच हजार फुग्यांच्या कमानीला जातील. नको.

एफडी मोडायला लोक दंडामुळे घाबरतात, तेवढं घाबरण्यासारखं त्यात काही नाही. साधारण अर्धा ते एक टक्का दंड जातो, शिवाय जेवढे दिवस पैसे ठेवले तेवढ्याच मुदतीचा दर मिळतो. लाखावर दीड-दोन हजारांचा फटका. तरीही मी मोडू नका म्हणतो, कारण ही एफडी वाईट वर्षासाठी आहे. मोहोर गळाला, तुडतुडे-फुलकिडे आले, अवकाळी पडला, तर पुढच्या हंगामाची फवारणी कशातून करणार? वाढदिवसासाठी तिच्याकडे बघूच नका.

राहिलं खातं. २,१५,००० वाचून तुम्हाला वाटलं असणार, यातून साठ गेले तरी दीड लाख उरतात. तुमच्याच पत्रातले आकडे मी मांडून बघितले. पावसाळ्याच्या तोंडावरची खतं, जुलै-ऑगस्टमधलं कल्टार (मोहोर येण्यासाठी झाडाला देतात ते औषध) आणि बागेची साफसफाई मिळून ४५,०००. गणपती २५,०००. शाळा १२,०००. नोव्हेंबरपासूनच्या फवारण्या ७०,०००. झाले १,५२,०००. उरले ६३,०००. घरखर्च तुम्ही महिना १४,००० लिहिलाय, पगार नऊ, म्हणजे दरमहा पाच हजार बागेच्या पैशातून. मार्चपर्यंत नऊ महिने, ४५,०००. हाती राहिले १८,०००.

तुमचा मोकळा पैसा एवढाच. बाकीचे दोन लाख दिसतात तुमच्या खात्यात, पण ते पुढच्या वर्षीच्या आंब्याचे आहेत. पगारदार घरात चुकीचा खर्च झाला तर एक तारखेला सावरता येतो. बागायतदाराची एक तारीख वर्षातून एकदाच येते. तुमचे यजमान नोकरीत असते आणि दर महिन्याला वीस हजार शिल्लक पडत असती, तर हेच कोटेशन मी एवढं ताणून धरलं नसतं.

एक मात्र मी करणार नाही. "हे साठ हजार फंडात टाकले असते तर वीस वर्षांनी इतके झाले असते" हा हिशेब आमच्या धंद्यातले लोक उठसूट तोंडावर फेकतात. त्या हिशेबाने माणसाने भजीसुद्धा खाऊ नये. वाढदिवस करा, थाटात करा, फक्त अठरा हजारांच्या आत.

कोटेशन परत वाचा. कमान, कटआउट, बॅनर १८,०००. जेवण ८० ताटं, १७,६००. साउंड आणि अँकर ८,०००. स्पायडरमॅनच्या वेशातला माणूस दोन तासांसाठी ६,०००. रिटर्न गिफ्ट ६,०००. फोटो-व्हिडिओ ५,४००. चार किलोचा केक ४,०००. तुम्ही लिहिलंय की मुलं २२ आहेत. मग ही ८० ताटं कोणासाठी? ठाण्यात जाऊबाईंनी केलेला वाढदिवस व्हॉट्सअॅपवर बघितलेल्या मोठ्यांसाठी. रागावू नका, माझ्याही घरात हेच झालंय. भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही असाच मुखवटेवाला बोलावला होता. तो दारात उभा राहिला आणि अर्धी पोरं आयांच्या पदरामागे, भाची टेबलाखाली. वर पाऊस, लाइट गेली, आणि जनरेटर कोटेशनमध्ये धरलेलाच नव्हता. तुमच्याही कोटेशनमध्ये तो नाही, बघून घ्या.

स्पायडरमॅन हा तसा गरीब घरातला पोरगा, आपला पोशाख त्याने स्वतःच शिवला होता. तोच धागा पकडा. सॅटिनचं कापड आणा, लाल आणि निळं, अकरा-बारा मीटर. गावातल्या शिवणाऱ्या बाईंकडून २२ केप आणि कार्डशीटचे मुखवटे करून घेतले तर अठराशेच्या आत बसतं, आणि तेच रिटर्न गिफ्ट. गळ्याशी नाडी मात्र नको, व्हेल्क्रो लावायला सांगा. पोर पळताना केप गडग्याच्या दगडात अडकली तर व्हेल्क्रो सुटतं, गाठ सुटत नाही.

सुपरहिरोंना खलनायक लागतो. पावसात दशावताराच्या मंडळांचे प्रयोग बंद असतात, कलाकार घरीच असतात. ओळखीतल्या एखाद्याला संकासुर, म्हणजे दशावतारातला राक्षस, म्हणून बोलवा, अडीच हजार मानाने द्या. २२ केपवाल्यांनी काळ्या वेशातल्या संकासुराला पडवीभर पळवायचं, यापुढे अँकरची काय गरज? मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर माझ्या भाचीसारखं होईल. संकासुराला आधी मुखवट्याशिवाय येऊन बसू दे आणि पोरांसमोरच तयार होऊ दे.

केक दोन किलो, सोळाशे. जेवण ४५ माणसांचं, घरचे वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, ताटामागे १२० धरले तरी ५,४००. झाले ११,३००. ताडपत्री आणि ऐनवेळच्या गोष्टींना तीन हजार ठेवा. अठरातले सदतीसशे तरी उरतात.

टोकनचे पाच हजार गेले असं समजूनच विचार करा. ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी साठ हजार पाठवणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. डेकोरेटरला फोन करून सरळ सांगा, "बेत लहान केलाय, या पाच हजारांत कमान आणि बॅनर तेवढं करून द्या." जूनमध्ये त्याच्याकडे फार कामं नसतात, तयार होईल असं वाटतं.

आता पत्रातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: मोठी मुलगी येत्या ऑक्टोबरात दहा वर्षांची होते, तिच्या नावावर अजून काही नाही. ताई, सुकन्या समृद्धीचं खातं मुलीला दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच उघडता येतं. ऑक्टोबरातला वाढदिवस आला की तो दरवाजा बंद. २५० रुपयांत खातं उघडतं, वर्षाला कमीत कमी तेवढेच भरावे लागतात, जास्तीत जास्त दीड लाख. भरणा पंधरा वर्षं, मुदत उघडल्यापासून २१ वर्षं, आणि अठरा झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी शिलकीतले निम्मे काढता येतात. दर महिन्याचं बंधन नाही. चांगल्या हंगामाच्या जूनमध्ये वीस हजार, पडेल वर्षात अडीचशे, असंही चालतं. बागेच्या पैशाला इतकी सोयीची योजना दुसरी मला तरी आठवत नाही.

मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन, दोघींचे फोटो घेऊन पोस्टात जा. उरलेले सदतीसशे त्यातच भरा. हे जूनमध्येच करा, कारण ऑगस्टपासून गणपतीची गडबड सुरू होते आणि मग कोकणात कोणाचंच कुठलं काम होत नाही.