ओला चुना, सुकती माटोळी

गेल्या अंकात छापलेल्या चित्रांविषयी आणि रेखाटनांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना चित्रकर्तीने येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आपली नवी चित्रे तांबडा आणि पांढरा अशा दोनच रंगांत आहेत. आपल्या गोव्यात रंगांची एवढी उधळण असताना हा हात आखडता का घेतला? यामागची प्रेरणा कोणती? विशेषतः ‘बांध’ हे चित्र कसे सुचले? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : हात मी आखडला नाही, तो चुन्याने आखडला. या चित्रांचे मूळ कावी कलेत आहे. कोकणपट्टीपासून गोव्यातून पुढे कारवार-कुमठ्यापर्यंत जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या वेलबुट्ट्या, कमळे आणि देवदेवता दिसतात, ती ही कला. काव म्हणजे तांबडी माती, आणि ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी आपली घरे उभी राहिली, त्याच दगडाच्या कुळातला हा रंग आहे. भिंतीला आधी पांढऱ्या चुन्याचा गिलावा द्यायचा, त्यावर हुरमुंज, म्हणजे तांबड्या मातीची पूड, मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर चढवायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करायचा, अशी ही रीत आहे. एरवी चित्रकार कागदावर रेषा ठेवतो. इथे रेषा म्हणजे काढून टाकलेला रंग असतो.

लहानपणी काणकोण तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या देवळात अशी एक भिंत होती. जत्रेच्या वेळी मंडळी पालखीपाशी असत आणि मी त्या भिंतीवरच्या कमळाच्या पाकळ्या बोटाने मोजत असे. बोटाला ती किंचित खोलगट रेषा लागायची. काही वर्षांपूर्वी गेले, तेव्हा जीर्णोद्धारात त्या भिंतीवर गुळगुळीत फरशा बसल्या होत्या. देवळाचे नाव घेत नाही, कारण ज्यांनी हे केले त्यांनी ते भक्तीनेच केले आणि वर्गणीत आमच्या घरचेही पैसे होते. परंतु परतीच्या वाटेवर बोटाला ती खोलगट रेषा आठवत राहिली, आणि नव्या चित्रांची सुरुवात तिथे झाली असे मला वाटते.

जुन्या कारागिरांची नक्कल करण्याचा मात्र माझा विचार नव्हता. दीड फुटाच्या लाकडी फळ्यांवर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा देऊन मी कामाला लागले. पहिली फळी मार्च महिन्यात केली. तांबडा थर सकाळी चढवला आणि एक फोन आला म्हणून उठले. परत येऊन रेषा ओढली, तर थर आवळला होता आणि रेषेच्या दोन्ही काठांना पापुद्रे सुटले. ती फळी वाया गेली असे समजून मी ती भिंतीला टेकवून ठेवली. आठवड्याने तिच्याकडे पाहिले, तेव्हा त्या फाटक्या काठांत भरतीच्या पाण्याने खाल्लेला खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध दिसू लागला. आपण ज्या ‘बांध’ या चित्राविषयी विशेष विचारले आहे, ते त्या फुकट गेलेल्या फळीवरून आले. पुढच्या फळ्यांवर मी एकाच चित्रातला काही भाग ओल्यात खरवडला आणि काही मुद्दाम वाळू दिला, म्हणून एक रेषा सुईसारखी सरळ आणि तिच्या शेजारची कुरतडल्यासारखी दिसते. तिसरा रंग घालून पाहिला होता; तो या दोन रेषांमधले भांडण मिटवून टाकत होता, म्हणून काढला.

प्रश्न : माटोळीच्या रेखाटनांत आपण सुरकुतलेली, फुटलेली फळे दाखवली आहेत. चवथीच्या मंगल प्रसंगातील वस्तूंचे असे चित्रण मनाला खटकले. (एक शिक्षिका, साखळी)

उत्तर : आपले खटकणे मला समजते, माझ्या आईलाही ते खटकले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की, आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला नारळाची जोडी, सुपारीची शिपटी, तोरिंजन, चिबूड, कवंडळ, कांगलां अशी बागेतली आणि रानातली फळे बांधतात. तिला माटोळी म्हणतात. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा असतो. रात्रीची आरती आटोपली, माणसे पांगली, की मी पाटावर बसून मान वर करून बोरूने काढत असे. पेन्सिल घेतली नाही, कारण पेन्सिलीने काढले की खोडण्याचा मोह होतो आणि पाच दिवसांत खोडत बसायला सवड नसते.

पहिल्या रात्री चिबूड निव्वळ एक लांबट गोळा होता आणि त्याचे काय काढावे हे मला कळेना. तिसऱ्या रात्री तो देठाकडून तडकला, खोलीभर त्याचा वास पसरला, आणि त्या तड्याची रेषा माझ्या हातून न उचलता एका दमात आली. कांगलांची पिवळी बोंडे उकलून आतल्या तांबूस बिया दिसू लागल्या. तोरिंजनाची साल बसकी झाली. नारळाची जोडी मात्र पाच दिवस जशीच्या तशी राहिली, म्हणून ती मी एकदाच काढली आणि पुढच्या कागदांवर तिची जागा कोरी सोडली. आपण त्या कोऱ्या जागेविषयी विचारले नाही, पण इतर तिघांनी विचारले आहे. मंगलाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. माटोळी बांधतानाच सर्वांना ठाऊक असते की विसर्जनानंतर ती उतरायची आहे. चुन्याचा थर मला काही तास देतो, माटोळी पाच दिवस देते, आणि न थांबणाऱ्या वस्तूसमोर बसले की माझा हात चालतो. सावकाश उभ्या असलेल्या डोंगरासमोर मी आजवर एकही बरे चित्र काढलेले नाही.

प्रश्न : मी कलेची विद्यार्थिनी आहे. काही सुचत नाही, तेव्हा आपण कोणाची चित्रे पाहता? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : सुचत नाही तेव्हा मी चुना घोटते, त्यात दोन तास सहज जातात. पाहण्याविषयी म्हणाल, तर दोन नावे सांगेन. मडगावचे लक्ष्मण पै (1926–2021) हे 1977 ते 1987 या काळात गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते; रागसंगीतावरची त्यांची चित्रे पाहताना रंगांपेक्षा रेषेच्या वळणावर लक्ष ठेवा. दुसरे आंजेलो द फोन्सेका (1902–1967). सांत इस्तेव बेटावर जन्मलेल्या या माणसाने शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि चित्रांत येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवली, त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. डिचोलीहून फार लांब नाही. जाताना वही न्या आणि मेरीच्या पदराची एकच कड उतरवून आणा. सगळे चित्र उतरवायला बसू नका.