जुने दागिने पाहायला जाताना

ठाण्याहून निघणार असाल तर सकाळची गर्दी ओसरल्यावर सीएसएमटीची फास्ट लोकल पकडा. काळा घोड्याचं वस्तुसंग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे.

सराफाचं १०एक्स भिंग नेऊ नका. ते जेमतेम अडीच सेंटीमीटरवर फोकस होतं आणि मध्ये काच असते. पाव मीटरवर फोकस होणारं छोटं मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण घ्या, दुकानातच तपासून.

रेशमी गोफांचा रंग उडू नये म्हणून दालनात उजेड मंद ठेवतात. आत शिरल्यावर पाच मिनिटं डोळे सरावू द्या. मोबाइलचा टॉर्च नकोच, काचेवर नुसती चमक येते.

कुंदनकामात खड्याला नख्या शोधू नका. शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती दाबून बसवलेली असते, पोटात लाख. एखादा पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेला हिरा काळवंडलेला दिसला तर तो बहुधा खड्याचा दोष नसतो. ओल शिरून खालचा चकाकता पत्रा काळा पडतो. आणि मागची बाजू चुकवू नका! खाली आरसा ठेवला असेल तर वाका, खरा मीना, म्हणजे धातूवरचं रंगीत काचकाम, तिथेच दिसतो.

बादशहांची नावं कोरलेले मोठे लाल खडे माणिक समजू नका, बरेचसे स्पिनेल, म्हणजे माणकासारखंच दिसणारं वेगळं रत्न असतात.