सी शार्पमधलं बिलिंग सॉफ्टवेअर दिवसभर चालू राहिलं की मेमरी वाढतच जाते. कारण कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी आणतो. मेडिकल दुकानासाठी डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर विनफॉर्म्समध्ये केलेलं बिलिंग. सकाळी उघडल्यावर दीडशे एमबी घेतं, रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी सव्वा जीबीच्या वर गेलेलं असतं, आणि मधूनच ‘आउट ऑफ मेमरी’ येऊन बंद पडतं. मशीनमध्ये ८ जीबी रॅम आहे, त्यातली बरीच मोकळी. टायमर लावून दर पाच मिनिटांनी जीसी.कलेक्ट (नको असलेली मेमरी लगेच गोळा करायला लावणारी आज्ञा) बोलावलंत, तरी आकडा खाली येत नाही.

जीसी.कलेक्टने फरक पडत नाही, हाच तुमच्या हातातला सगळ्यात चांगला धागा आहे. गार्बेज कलेक्टर, म्हणजे डॉट नेटमधला मेमरी मोकळी करणारा भाग, फक्त तीच ऑब्जेक्ट्स उचलतो ज्यांच्यापर्यंत प्रोग्राममधून पोचायची वाटच उरलेली नाही. म्हणजे एक तर ती ऑब्जेक्ट्स अजून कोणीतरी धरून ठेवली आहेत, नाहीतर वाढणारी मेमरी कलेक्टरच्या हिशोबातली नाहीच. या दोन्हींचा तपास अगदी वेगळा आहे, म्हणून आधी तो निकाल लावून घ्या. तो टायमर आजच काढून टाका. त्यामुळे चांगली, थोड्या वेळापुरती ऑब्जेक्ट्स उगाच दुसऱ्या जनरेशनमध्ये (क्वचितच साफ होणाऱ्या जुन्या ऑब्जेक्ट्सच्या गटात) ढकलली जातात आणि काउंटरवर बिल अडकतं.

आकडा कुठला बघताय, तेही तपासा. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरचा ‘मेमरी’ हा रकाना फक्त या क्षणी रॅममध्ये असलेला खाजगी भाग दाखवतो. विंडोज तो कमी-जास्त करत असतं. काही लोक वर्किंग सेट रिकामा करणारं एपीआय बोलावून ‘मेमरी कमी केली’ असं सांगतात. त्याने मेमरीचे तुकडे फक्त रॅममधून बाहेर जातात, लीक (गळती) जिथे आहे तिथेच राहतं. तुम्हाला हवा तो कमिट साइज (प्रोसेसने स्वतःसाठी राखून घेतलेली एकूण मेमरी), म्हणजेच परफॉर्मन्स मॉनिटरमधला ‘प्रायव्हेट बाइट्स’. त्याच मॉनिटरमध्ये शेजारी डॉट नेटच्या गटातला ‘बाइट्स इन ऑल हीप्स’ (कलेक्टर सांभाळतो त्या मेमरीचा, म्हणजे मॅनेज्ड हीपचा आकार) लावा आणि दोन्ही रेषा दिवसभर फाइलमध्ये नोंदवत ठेवा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर जीडीआय ऑब्जेक्ट्स (फाँट, ब्रश अशी चित्र काढायची साधनं), युजर ऑब्जेक्ट्स (विंडो, मेनू वगैरे) आणि प्लॅटफॉर्म हे तीन रकानेही चालू करा.

प्लॅटफॉर्ममध्ये बहुतेक ‘३२ बिट’ दिसेल. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून डेस्कटॉप प्रोजेक्टला ‘प्रिफर ३२ बिट’ ही खूण आपोआप लागलेली असते. ३२ बिट प्रोसेसला एरवी २ जीबीच ॲड्रेस स्पेस मिळते, आणि ती तुकड्या-तुकड्यांत विखुरली गेली की सव्वा-दीड जीबीलाच एखादी मोठी सलग जागा मिळत नाही. म्हणून रॅम मोकळी असूनही ‘आउट ऑफ मेमरी’. ही खूण काढली तर ६४ बिटवर चालेल आणि कोसळणं लांबेल, पण वाढ चालूच राहील. शिवाय बारकोड प्रिंटरसाठी ३२ बिट डीएलएल वापरत असाल तर ती लोडच होणार नाही. तेव्हा हा उपाय सध्या बाजूला ठेवा.

तो एरर येतो तेव्हाचा स्टॅक ट्रेसही (कुठल्या मेथडने कुठली बोलावली याची यादी) वाचा. वरच्या ओळी सिस्टम.ड्रॉइंग या चित्रांच्या लायब्ररीतल्या असतील तर सावध राहा. इमेज.फ्रॉमफाइलला खराब किंवा न ओळखता येणारी चित्राची फाइल दिली तरी ते हाच ‘आउट ऑफ मेमरी’ फेकतं, मेमरीचा त्यात काहीही संबंध नसतो. एका प्रोसेसला जीडीआय ऑब्जेक्ट्सची मर्यादा १०,००० असते, युजर ऑब्जेक्ट्सचीही तेवढीच. हे आकडे दिवसभर चढत असतील तर मेमरीच्या आधी हीच भिंत लागेल.

आता त्या दोन रेषा. दोन्ही एकत्र चढत असतील तर ऑब्जेक्ट्स मॅनेज्ड हीपवर साठताहेत, म्हणजे कोणीतरी ती धरून बसलंय. हीपची रेषा सपाट आणि प्रायव्हेट बाइट्सची चढती असेल तर गळती हीपच्या बाहेर आहे. रेषेचा आकारही बोलतो. संध्याकाळच्या गर्दीत उभी चढते आणि दुपारी दुकान बंद असताना थांबते? मग बिल करण्याच्या कृतीत काहीतरी आहे. दुपारी कोणी हात लावत नसतानाही तेवढ्याच वेगाने चढते? मग टायमर, स्टॉक तपासणारा बॅकग्राउंड थ्रेड, लॉग असली घड्याळावर चालणारी गोष्ट शोधा. आणि चढून एका उंचीवर स्थिरावली, तर ती कॅश (पुन्हा लागेल म्हणून मुद्दाम जपलेला डेटा) आहे, तिच्यामागे लागू नका.

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक बिलासाठी नवा फॉर्म शोडायलॉगने उघडता, आणि औषधांचे दर बदलले की सगळ्या फॉर्मना कळावं म्हणून एका स्टॅटिक वर्गात इव्हेंट ठेवलाय. ते वाचून माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, म्हणजे ऑब्जेक्ट्स कोणीतरी धरून बसलंय. पण अंदाजावर कोड बदलू नका, आधी खात्री करा.

खात्री तुमच्या स्वतःच्या मशीनवर होते. व्हिज्युअल स्टुडिओच्या डायग्नोस्टिक टूल्समध्ये मेमरी यूसेज आहे, आणि मायक्रोसॉफ्टचं परफव्ह्यू फुकट मिळतं. कुठलंही चालेल. सॉफ्टवेअर उघडा, दोन-तीन बिलं करून ते स्थिरावू द्या, मग पहिला स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत कुठली ऑब्जेक्ट्स किती आहेत याची नोंद) घ्या. आता नेमकी १३ बिलं करा, बंद करा, दुसरा स्नॅपशॉट. पुन्हा १३, तिसरा. प्रत्येक स्नॅपशॉटआधी कलेक्ट, वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स आणि परत कलेक्ट बोलवा, जीसी.कलेक्टची योग्य जागा ही. १० ऐवजी १३ अशासाठी की १० च्या पटीतले आकडे यादीत इतर कारणांनीही सापडतात. १३ आणि २६ ने वाढलेला वर्ग लगेच नजरेत भरतो.

फरकाच्या यादीत सगळ्यात वर स्ट्रिंग, बाइट ॲरे, ऑब्जेक्ट ॲरे दिसतील. नवीन माणूस तिथेच अडकतो. त्या कायम वरच असतात, त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. खाली सरका आणि तुमच्या नेमस्पेसमधली नावं शोधा. एकही बिल उघडं नसताना बिलफॉर्मची संख्या शून्य हवी, फार तर एक. तिथे १३ आणि मग २६ दिसले की चोर सापडला. त्या एका फॉर्ममागे डेटाग्रिडव्ह्यू, त्यामागे औषधांच्या अख्ख्या यादीची डेटाटेबल आणि तिच्यातल्या हजारो स्ट्रिंग्ज लटकलेल्या असतात. वरच्या स्ट्रिंग्जचा ढीग तिथूनच आलेला असतो.

पुढचा प्रश्न: त्याला धरून कोण बसलंय? त्या वर्गातलं एक ऑब्जेक्ट निवडा आणि ‘पाथ्स टू रूट’ बघा. विनडीबीजी हा डीबगर वापरत असाल तर एसओएस या त्याच्या डॉट नेटसाठीच्या जोडणीतली जीसीरूट ही आज्ञा तेच सांगते. साखळी साधारण अशी वाचायला मिळेल: वरती स्टॅटिक सेटिंग्जचा वर्ग, त्याखाली ‘दर बदलला’ या इव्हेंटचा इव्हेंटहँडलर, त्याखाली ऑब्जेक्ट्सची ॲरे, पुन्हा एक इव्हेंटहँडलर, आणि त्याच्या टार्गेटमध्ये तुमचा बिलफॉर्म. फॉर्म जेव्हा ‘+=’ करून इव्हेंटला जोडला जातो तेव्हा फॉर्मने सेटिंग्जला धरलं असं वाटतं. प्रत्यक्षात सेटिंग्जच्या यादीत फॉर्मचा पत्ता जातो, म्हणजे सेटिंग्ज फॉर्मला धरतं. स्टॅटिक वर्ग प्रोग्राम संपेपर्यंत जगतो, आणि त्याच्यासोबत दिवसभरातला प्रत्येक बिलफॉर्मही. एखाद्या औषधाचा दर बदलला की या सगळ्या बंद फॉर्मचा हँडलर एकामागून एक चालतो. संध्याकाळी सॉफ्टवेअर जड होतं अशी तुमची जी दुसरी तक्रार आहे, तिचं कारणही बहुधा हेच निघेल.

दुरुस्ती दोन जागी करावी लागेल. फॉर्मक्लोज्डमध्ये त्याच हँडलरला ‘-=’ करा. लॅम्बडा (बिननावाची मेथड) लिहून जोडला असेल तर तो सुटणार नाही, नाव असलेली मेथडच हवी. दुसरं, शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केला तरी डिस्पोज होत नाही, फक्त लपतो. शोने उघडलेल्याचं तसं नाही. म्हणून शोडायलॉगभोवती यूजिंग लावा. एकट्या डिस्पोजने इव्हेंट सुटत नाही आणि एकट्या ‘-=’ ने विंडो हँडल वेळेवर मोकळे होत नाहीत, दोन्ही हवंच. पॅनेलवरची बटणं कंट्रोल्स.क्लिअरने काढत असाल तर तिथेही तेच: क्लिअर कंट्रोल्सना डिस्पोज करत नाही, ते तुम्हालाच करायला हवं.

समजा हीपची रेषा सपाटच निघाली. मग पहिल्यांदा चित्रं बघा. डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलने काढून जोडायची सोय दिली असेल तर ४,०००×३,००० पिक्सेलचा बिटमॅप उघडल्यावर ४८ दशलक्ष बाइट्स खातो, आणि कलेक्टरला मात्र त्याचं छोटंसं वेष्टनच दिसतं. डिस्पोज केलं नाही तर तो घाई करत नाही. दुसरी जागा एक्सएमएलसिरियलायझर, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल बनवणारा वर्ग. त्याचा नुसता टाइप घेणारा कन्स्ट्रक्टर तयार कोड जपून ठेवतो, पण रूट ॲट्रिब्यूट घेणारा प्रत्येक वेळी नवी असेंब्ली (कंपाइल झालेल्या कोडचा गठ्ठा) बनवतो आणि ती प्रोग्राम संपेपर्यंत उतरत नाही. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘करंट असेंब्लीज’ चढत असेल तर हेच; तो सिरियलायझर एकदाच बनवून स्टॅटिक ठेवा. तरीही सापडलं नाही तर सिसइंटर्नल्सचं व्हीएममॅप चालवा, ते प्रोसेसची मेमरी हीप, इमेज, स्टॅक, मॅप्ड फाइल अशी वाटून दाखवतं.

दुकानातल्या मशीनवरच होतं आणि तुमच्याकडे होत नाही, असं असेल तर तिथे प्रॉकडंप हे टूल ठेवा. ‘-एमए’ सोबत ‘-एम १०००’ दिलं की कमिट १,००० एमबीच्या वर गेल्याक्षणी ते पूर्ण डंप, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीची प्रत एका फाइलमध्ये काढतं. टास्क मॅनेजरने काढू नका. ६४ बिट टास्क मॅनेजरने काढलेला ३२ बिट प्रोसेसचा डंप एसओएसला नीट वाचता येत नाही. त्या फाइलमध्ये रुग्णांची नावं, औषधं, डेटाबेसचा पासवर्ड सगळं उघडं असतं. ती मेलने पाठवू नका, दुकानदाराला विचारूनच न्या आणि काम झालं की पुसून टाका.

१३ बिलांची चाचणी केलीत की बिलफॉर्मची संख्या आणि दोन रेषांचा आकार इथे कमेंटमध्ये टाका. साखळीत तुमच्या वर्गाऐवजी सिस्टमइव्हेंट्स (विंडोजमधले बदल कळवणारा डॉट नेटचा स्टॅटिक इव्हेंटवाला वर्ग) किंवा चालू राहिलेला टायमर दिसला तर साखळी जशीच्या तशी द्या, मी बघतो.