‘हंगर गेम्स’ पहिल्यांदाच वाचणार असशील तर

सिनेमे आधी पाहिले असले तरी बिघडत नाही, पण पुस्तकं पहिल्या भागापासूनच घे. सुझान कॉलिन्सची मूळ त्रयी २००८ ते २०१० मधली. २०२० आणि २०२५ ची पुस्तकं आधीच्या काळातली आहेत, तरी ती नंतरच वाच; राष्ट्राध्यक्ष स्नो कोण हे कळल्याशिवाय त्यांत मजा नाही.

इंग्रजी जड जाईल ही भीती सोड. नायिका कॅटनिस स्वतःच गोष्ट सांगते, तीही साध्या वाक्यांत. सुरुवातीची प्रकरणं मात्र घाईत उरकू नकोस. जीवघेण्या खेळात कोणती मुलं उतरणार हे सोडतीने ठरतं. त्यातला टेसेराचा, म्हणजे जादा शिध्याचा, हिशोब नीट बघ: एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल हवं, तर सोडतीत आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त. चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या २०, तर अठराव्या वर्षी तिचा मित्र गेलच्या ४२. तिच्या धाकट्या बहिणीची, प्रिमची, एकच, आणि नेमकी तीच निघते! पुढच्या मारामारीपेक्षा मला हेच जास्त भयंकर वाटतं.

कॅटनिससाठी खेळातला तिचा जोडीदार पीटा बरा की गेल या वादात इतक्यात पडू नकोस. (मी पीटाच्या बाजूने.) तिसरा भाग बऱ्याच जणांना रटाळ वाटतो, माझा तो सगळ्यात आवडता. फक्त पहिले दोन एका दमात संपवून लगेच त्याला हात लावू नकोस.