‘स्लॅक की’मधली ‘की’ म्हणजे पट्टी नव्हे, खुंटी

विचारणा अशी: हवाईच्या ‘स्लॅक की गिटार’ला, म्हणजे नेहमीपेक्षा तारा उतरवून बोटांनी वाजवण्याच्या तिथल्या शैलीला, मराठीत ‘सैल पट्टीची गिटार’ म्हणावं का? आणि तिच्यातलं ‘वहिने’ ट्यूनिंग, म्हणजे तारा जुळवायची एक रीत, ही आपली वहिनीच का?

दोन्हींना उत्तर एकच, नाही. ‘सैल पट्टी’ हा प्रयोग हल्ली कार्यक्रमांच्या निवेदनांत आणि ध्वनिमुद्रिकांच्या परिचयांत इतक्यांदा कानावर येतो, की तो रुजायच्या आत उपटलेला बरा. इंग्रजी ‘की’ दिसली की तिचं ‘पट्टी’ करून टाकायचं, ही सवय हार्मोनियमवाल्यांची. काळी एक, पांढरी चार ही झाली पट्टी. इथली की वेगळी आहे. ती गिटारच्या डोक्याला असते आणि बोटांनी पिळली जाते. ती खुंटी.

खात्री हवी तर गिटार घ्या. सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीन तारा दोन-दोन पडद्यांनी उतरवा. सहावी ई आहे ती डी होईल, पाचवी ए आहे ती जी होईल, पहिली ई आहे ती डी होईल. मधल्या तिन्हींना हात लावू नका. ट्यूनर नसला तरी चालतं. सहावी चौथ्या तारेच्या खालच्या सप्तकात मिळवा, पाचवी तिसरीच्या खालच्या सप्तकात आणि पहिली चौथीच्या वरच्या सप्तकात. पडताळा पडद्यांवर घ्या: सहावीचा पाचवा पडदा म्हणजे मोकळी पाचवी, पाचवीचा सातवा म्हणजे मोकळी चौथी, मग अनुक्रमे पाचवा, चौथा, तिसरा. जीला सा मानलं तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत मोकळ्या तारा बोलतात: प सा प सा ग प. हे ‘टॅरो पॅच’, हवाईतलं सगळ्यांत परिचित ट्यूनिंग. टॅरो म्हणजे अळू. आता दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. पट्टी जीची ए झाली, ट्यूनिंग मात्र टॅरो पॅचच राहिलं, एकही खुंटी हलली नाही. ‘की’चा अर्थ पट्टी असता तर इथे ‘की’ बदलली असं म्हणावं लागलं असतं. तसं कुणी हवाईयन वादक म्हणत नाही.

मूळ शब्द ‘की होअलु’. ‘अलु’ म्हणजे सैल, ढिलं. त्याच्या आधी ‘होओ’ हा प्रयोजक उपसर्ग लागतो आणि जोडताना आखडून ‘होअलु’ होतो, म्हणजे सैल करणं. मराठीत हेच काम धातूच्या पोटात बसलेला ‘व’ करतो: उतरणं, उतरवणं. तंबोरा जुळवणारा माणूस ‘तार उतरवली’ म्हणतो तेव्हा तो नेमका ‘होअलु’च बोलत असतो. ‘उतरलेली तार’ मात्र म्हणू नका. ती आपोआप बेसूर झालेली असते. इथे ती मुद्दाम, मोजून उतरवलेली आहे.

आता ‘की’. उच्चारापुरती ती इंग्रजीतून आली, याबद्दल वाद नाही. (टी नावाच्या झाडालाही हवाईयनमध्ये ‘की’ म्हणतात. पॉलिनेशियन ‘त’चा हवाईयनमध्ये ‘क’ होतो, तापूचा कापू आणि टॅरोचा कालो होतो तसा. त्या झाडाचा खुंटीशी संबंध नाही. दोन्ही एकत्र बांधणाऱ्यांनी निदान कोश उघडावा.) पण खुंटीला किल्ली म्हणावं हे हवाईत कुणी शिकवलं? ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने 1793 मध्ये राजा कामेहामेहाला गुरं दिली. ती माजली, रानभर झाली, आणि 1832च्या सुमारास त्यांना आवरायला मेक्सिकन कॅलिफोर्नियातून स्पॅनिश बोलणारे गुराखी बोलावले गेले. गिटार त्यांच्या हातून बेटांवर रुजली. गुराख्याला हवाईयनमध्ये आजही ‘पानिओलो’ म्हणतात, ‘एस्पान्योल’चंच ते रूप. गिटारच्या खुंटीला स्पॅनिशमध्ये ‘क्लाविहा’ म्हणतात. तो शब्द लॅटिन ‘क्लाविकुला’पासून आला, म्हणजे छोटी किल्ली. त्याच्याही मुळाशी ‘क्लाविस’, किल्ली. पोर्तुगीजांनी याच ‘क्लाविस’चं ‘शावे’ केलं, आणि ते आपल्या घरात ‘चावी’ होऊन बसलं! त्यांची वाद्याची खुंटीही ‘क्लाविकुला’चीच लेक आहे, ‘क्राव्हेल्या’. म्हणून माझा तर्क आहे, पुरावा नव्हे, की ‘की’चा आवाज इंग्रजीचा असला तरी खुंटी म्हणजे किल्ली ही कल्पना गुराख्यांच्या ‘क्लाविहा’बरोबर आधीच बेटांवर पोचली असावी. इंग्रजीतही ट्यूनिंग की म्हणतात, मग मध्येच स्पॅनिश कशाला आणता, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणारे वाद्य कुणी दिलं हे विसरतात. शब्दाचा ध्वनी एका वाटेने येतो आणि अर्थ दुसऱ्या वाटेने येऊ शकतो. इंग्रजी ‘की’ आणि ‘क्लाविस’ यांचं रक्ताचं नातं नाही, हे मलाही मान्य आहे. मी बोलतो आहे ते अर्थाच्या वाटेबद्दल.

‘सैल’ हा शब्दही जपून वापरावा. ‘सी मौना लोआ’ हे दुसरं ट्यूनिंग लावताना सहावी चार पडदे उतरते, पाचवी दोन, दुसरी दोन. पण चौथी दोन पडदे चढते, डीची ई होते. सीला सा मानलं तर सा प ग प ध ग. उतरवायच्या तारा आधी उतरवा, चौथी शेवटी आणि सावकाश चढवा. या ट्यूनिंगचं मर्म पहिल्या दोन तारांत आहे. त्यांच्यात सा-प एवढं अंतर असल्यामुळे सहाव्या स्वराच्या अंतराच्या (सा-ध सारख्या) जोड्या शेजारच्या दोन तारांवर एक-दोन पडद्यांच्या फरकाने मिळतात. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्यासाठी मधली एक तार वगळावी लागते. म्हणून मौना लोआतली धून टॅरो पॅचमध्ये बसवायला गेलं की हात अडखळतो. चुकतं ते ट्यूनिंग, बोटं नव्हेत.

तार उतरवताना हमखास होणारी चूक: ती वरून खाली आणून तिथेच सोडणं. खुंटीच्या दात्यांत ढिलेपणा राहतो आणि दोन ओळींत तार आणखी उतरते. हव्या स्वराच्या खाली जा आणि मग वर चढवत आणा. ‘टिंग’ आवाज होऊन स्वर उडी मारत असेल तर तार गिटारच्या डोक्याजवळच्या आडव्या ‘नट’च्या खाचेत अडकते आहे, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. बारा-त्रेपन्न जाडीच्या (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजारांशांत) संचात सीपर्यंत उतरवलेली सहावी पडद्यांवर खडखडते. तेरा-छप्पन्नचा संच लावा.

आणि ती वहिनी. ‘वहिने’ म्हणजे बाई, स्त्री. माओरीतही वहिने, सामोअनमध्ये फाफिने. मूळ ‘फाफिने’तला पहिला फ व झाला, दुसरा ह झाला. मलायमधली ‘बिनी’, बायको, याच कुळातली. आपल्या वहिनीशी साम्य निव्वळ योगायोगाचं आहे. दोन शब्द सारखे ऐकू आले की सोयरीक जुळवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. या नावाच्या ट्यूनिंगमध्ये एका मोकळ्या तारेवर शुद्ध नी असतो. टॅरो पॅचमधली तिसरी तार एक पडदा उतरवा, जीची एफ-शार्प होईल, आणि ‘जी वहिने’ तयार: प सा प नी ग प. मोकळी तिसरी छेडून लगेच पहिल्या पडद्यावर बोट आपटलं की नी सामध्ये मिळतो. तो आघात बोटाच्या टोकाने, धातूच्या पडद्याला लागूनच व्हायला हवा. मागे पडला तर नुसती टकटक ऐकू येते.

भारतात ‘हवाइयन गिटार’ म्हणतात ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची, ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीतात आणलेली ती. तशा वादनाचं श्रेय हवाईच्या जोसेफ केकुकूला देतात. की होअलु उभ्या धरलेल्या गिटारवर बोटांनीच वाजते, अंगठा खर्जाच्या जाड तारांवर ठेका धरतो. की होअलुचे वादक गॅबी पाहिनुई यांचं 1946चं पहिलं ध्वनिमुद्रण ऐकलं तर दोन्हींतला फरक सांगावा लागणार नाही. मराठीत ‘की होअलु’ असंच लिहावं. अर्थ द्यायचाच असेल तर ‘खुंट्या उतरवून वाजवायची गिटार’ असा द्यावा.